तिसऱ्या नावाचे गुण

माणगाव म्हटलं की पुष्कळांना १९२० ची परिषद आठवते, राजर्षी शाहू आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर आले ती. ते माणगाव कोल्हापूर जिल्ह्यातलं. हे रायगडातलं, मुंबई-गोवा महामार्गावर सुट्टीच्या दिवशी गाड्या जिथे तुंबतात ते. बाबासाहेबांचं नाव मात्र इथेही आहे. तालुक्यातल्या लोणेऱ्याला त्यांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ च्या कायद्यानं उभं राहिलेलं. त्यामुळे भाताचा भाव आणि पीएचडीचा गाईड हे दोन्ही विषय इथे एकाच टपरीवर ऐकायला मिळतात.

पुढचा संवाद एका मामाचा आणि त्याच्या भाचीचा आहे. मामा महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. गावात त्यांना अजून ‘सर्कल’च म्हणतात. भाची एका कॉलेजात भूगोलाची सहायक प्राध्यापक आहे. सहयोगी प्राध्यापकाच्या जागेची जाहिरात निघाली होती आणि ती लॅपटॉप मांडीवर घेऊन गुणांची बेरीज करत होती. बेरीज दिसली की डोकावायचं, ही सर्कलांची जुनी सवय. मी शेजारी, चहाला बोलावलेला, आणि अधूनमधून नाक खुपसणारा.

मामा : हे दोन पूर्णांक चार कशाचे?

भाची : एका पेपरचे. विज्ञान शाखेत शोधनिबंधाला ८ गुण असतात, कला शाखेत १०. आमचा भूगोल विज्ञानात, म्हणून ८.

मामा : मग ८ लिही की.

भाची : तिघांनी मिळून लिहिलाय तो. यूजीसीचा २०१८ चा नियम आहे. दोघांचा निबंध असेल तर दोघांना ७०-७० टक्के, म्हणजे ५.६. दोघांपेक्षा जास्त असले तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना ३०. मी तिसरी. ८ चे ३० टक्के, २.४.

मामा : आणि लागतात किती?

भाची : ७५. शिवाय निबंध किमान ७. पुस्तकाचे, पीएचडीच्या मार्गदर्शनाचे, प्रकल्पाचे गुण वेगळे असतात. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर बरा असेल तर त्याचे वरून मिळतात. पण नुसत्या निबंधांवर जायचं म्हटलं तर एकटीनं लिहिलेले १० पुरतात.

मामा : तिसऱ्या नावानं लिहिलेले?

भाची : ३२.

मामा : म्हणजे सरकारच सांगतंय, कोणाला बरोबर घेऊ नका.

भाची : मामा, तुम्हाला एकच बाजू दिसते. एका पेपरवर सहा-सहा नावं असतात, त्यातल्या दोघांनी तो वाचलेलाही नसतो. विभागप्रमुखांचं घालायचं, प्राचार्यांचं घालायचं, ज्यानं गाईडची ओळख करून दिली त्याचंही घालायचं. सगळ्यांना पूर्ण ८ दिले तर उद्या निबंधाच्या खाली लग्नपत्रिकेसारखी यादी येईल.

मामा : आणि ३० टक्के दिल्यावर ते बंद झालं?

भाची : नाही झालं. साहेबांचं नाव आता पहिलं लागतं.

इथे दोघंही हसले. हसण्यासारखं होतंच. नियम करणाऱ्यांना लबाड माणूस डोळ्यांपुढे दिसत होता आणि त्याला आवरायला त्यांनी जी वाटणी ठरवली, तिचा फटका प्रामाणिकपणे चौघांत काम करणाऱ्याला बसला. लबाडानं वाट काढलीच.

मामा : मला एक सांग. या ७५ गुणांत, तू काय शोधलंस हे कुठे विचारलंय?

भाची : कुठेच नाही. पण तुम्ही मला हे सांगा, पूर्वी काय विचारायचे? मुलाखतीला पाच जण बसायचे आणि उमेदवार कोणाचा आहे एवढंच बघायचे. संस्थाचालकाचा भाचा की आमदाराच्या बायकोची मैत्रीण. माझा मामा सर्कल. सर्कलच्या भाचीला कोण विचारतो? आकडा आला म्हणून निदान मला सांगता तरी येतं, माझे ७८ आहेत आणि ज्याला घेतलंत त्याचे ७६. माहितीच्या अधिकारात मागता येतं. कोर्टात जाता येतं. तुम्हाला आकडा निर्जीव वाटतो, मला तो आधार वाटतो.

मामा काही वेळ गप्प राहिले. माझंही मत इथे भाचीच्या बाजूनं पडतं. ‘गुण मोजू नका, गुणवत्ता बघा’ हे वाक्य बोलायला गोड आहे; पण बघणारा कोण, हा प्रश्न ज्याचं कोणी ओळखीचं नाही त्यालाच पडतो. गुणांची पद्धत आभाळातून पडलेली नाही, अविश्वासातून आलेली आहे, आणि तो अविश्वास काही उगाच नव्हता.

मामा : बरं, आकडा ठेव. पण आकडा खरा आहे का हे तरी कोण बघतं? तुझ्या फोनवर ते मेसेज येतात ना, तीन दिवसांत स्वीकृती, आठ दिवसांत छापून, सर्टिफिकेट ईमेलवर?

भाची : रोज येतात. शिक्षकांच्या ग्रुपवर तर दिवाळीच्या सवलतीचे येतात.

मामा : आणि लोक पैसे भरतात.

भाची : भरतात. २०१८ साली पुण्याच्या भूषण पटवर्धनांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये हा हिशेबच मांडला होता. यूजीसीच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीनं जी जर्नल्स आली होती, त्यांतली १००९ त्यांनी तपासली. ३४९ जर्नल्सचा धड पत्ता, संकेतस्थळ किंवा संपादकांची नावं मिळेनात. आणखी ५२८ जर्नल्सनी दिलेली माहिती खोटी किंवा संशयास्पद निघाली: नोंदणी क्रमांक चुकीचा, इम्पॅक्ट फॅक्टर बनावट, संपादक कोण तर ज्याचं त्यालाच ठाऊक. निकषांना उतरली फक्त ११२.

मामा : हजारात ११२! आणि ही मान्य यादी? आमच्या सातबाऱ्यात एवढ्या चुका निघाल्या असत्या तर तालुका पेटला असता.

भाची : यूजीसीनं त्याच वर्षी मे महिन्यात ४३०५ जर्नल्स यादीतून काढली. मग ‘केअर’ नावाची नवी यादी आली. २०२५ मध्ये तीही बंद केली. आता जर्नल चांगलं की वाईट हे ज्या त्या संस्थेनं ठरवायचं. यादी होती तेव्हा लोक यादीत घुसायचे, आता यादीच नाही म्हणून रान मोकळं.

मी मध्येच म्हटलं, की पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापून आणण्याची सक्ती २०२२ च्या नियमांत काढली ना? भाची म्हणाली, काढली, चांगलं झालं. पण पीएचडीनंतर नोकरीला अर्ज करायचा तर निबंधांचे गुण लागतातच. दार काढलं, उंबरठा तसाच आहे. तिथून बोलणं पुन्हा त्या २.४ वर आलं, कारण मामांनी निबंधाचं शीर्षक वाचलं होतं.

मामा : रायगड जिल्ह्याची दरडप्रवण क्षेत्रं. हा तुमचा विषय?

भाची : हो. उपग्रहाची चित्रं, उंचीचा नकाशा, उतार, खडक, माती, झाडोरा, रस्ते, पाऊस. प्रत्येक गोष्टीला वजन द्यायचं, एकावर एक थर चढवायचे आणि शेवटी पाच रंग येतात. हिरवा म्हणजे धोका नगण्य, लाल म्हणजे अति.

मामा : मोठा कर बघू. हा लाल पट्टा कुठल्या कोंडाचा?

भाची : तसं नाही सांगता येत. यातला एक चौकोन म्हणजे जमिनीवर ३० मीटर बाय ३० मीटर. घरं नाही दिसत.

मामा : तीस मीटरमध्ये आमच्याकडे चार घरं, एक गोठा आणि मागची वरकस येते. जाऊन पाहिलंत?

भाची : जाऊन आलो. मार्चमध्ये.

मामा : मार्चात दरड बघायला?

भाची : मामा, जुलैत कॉलेज असतं. आठवड्याला १६ तास शिकवायचे, त्यात प्रवेश, नॅकच्या फायली, निवडणूक असेल तर तिची ड्युटी. रजा मिळते मार्चात. आणि खरं सांगायचं तर पेपरला तेवढं पुरतं. तपासणाऱ्याला पद्धत बरोबर हवी असते. तो काही डोंगरावर जाऊन बघणार नसतो.

मामा : पण पाण्याचा रंग? जुलैत झऱ्याचं पाणी एकदम लाल, गढूळ यायला लागलं की म्हाताऱ्या म्हणतात, डोंगर सुटला. घराच्या दाराची चौकट आवळते, दार लागेनासं होतं. वरच्या बांधाला चीर पडते, ती आधी बोटभर असते, दुसऱ्या दिवशी त्यात हात जातो. झाडं एका अंगाला कलतात. हे तुमच्या कुठल्या थरात येतं?

भाची : कुठल्याच नाही.

मामा : २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात एका पावसात चार गावांवर दरडी आल्या. जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते. दीडशेहून जास्त माणसं गेली. मी तेव्हा तलाठी. पंचनामे लिहायला गेलो तर लिहून घ्यायला ज्याच्या घरी बसायचं ते घरच नव्हतं. जे वाचले ते हेच सांगत होते, चीर पाहिली होती, पाणी पाहिलं होतं. १६ वर्षांनी तळिये. २२ जुलै २०२१. ऐंशीहून जास्त माणसं. मधल्या काळात नकाशे किती झाले असतील?

भाची : पुष्कळ झाले असतील. पण आता माझं ऐका. मधल्या काळात तुमच्या खात्यानं काय केलं? याद्या केल्या. दरडप्रवण गावांची यादी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळवाडी गेली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसं सापडली नाहीत म्हणून शोध थांबवला. ती वाडी यादीत नव्हती. विधानसभेतच सांगितलं गेलं, यादीत नव्हती. तुमच्या म्हाताऱ्यांची नजर, तुमचा पंचनामा, तुमची यादी, सगळं होतं ना? मग वाडी का सुटली? कारण जिथे आधी पडली तिथलं तुम्ही लिहून ठेवता. जिथे अजून पडलेली नाही तिथे बोट ठेवायला माझा नकाशाच लागतो. तो आंधळा असेल, पण त्याला सगळा डोंगर सारखाच दिसतो. तुम्हाला ओळखीचीच वाडी दिसते.

हे मामांना लागलं. त्यांनी चहा पुढे ढकलला.

माझ्या मते त्या दिवसाचा खरा मुद्दा इथे निघाला होता आणि दोघांच्याही लक्षात यायला थोडा वेळ लागला. भाचीच्या नकाशाला वाडी दिसत नाही आणि मामांच्या माहितीला वाडीपलीकडचं दिसत नाही. या दोन गोष्टी एकत्र आणायला एक भूगोलवाला, एक भूगर्भवाला, माती तपासणारा एक सिव्हिल इंजिनिअर, महसूलचा एक माणूस आणि वाडीतली चार माणसं लागतात. नेमक्या याच जुळणीवर तो नियम बोजा टाकतो. पाच जणांनी पाच पावसाळे खपायचं आणि त्यांतल्या तिघा-चौघांनी २.४ घेऊन घरी जायचं.

मामा : बावसकर डॉक्टरांनी कोणाचे गुण मोजले होते?

भाची : मला वाटलंच होतं, तुम्ही महाडला जाणार.

मामा : जाणार. तासाभराच्या आत पोचतो. बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला आलेला तरुण डॉक्टर. आपल्याकडे जांभ्याच्या दगडात, लाकडाच्या मोळीत, कापलेल्या भाताच्या पेंढ्यांत लाल विंचू. चावला की पोरं घामानं भिजायची, हातपाय गार, तोंडाला फेस, आणि रात्रीत संपायची. मांत्रिकाकडे न्यायची वेळ यायची, कारण डॉक्टरकडे नेऊनही काय व्हायचं? हा माणूस खाटेशेजारी रात्र रात्र बसला, तासातासाला नाडी, रक्तदाब, छातीचा आवाज लिहीत. विषानं शिरा आवळतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं, हे त्यानं बघून ओळखलं. आणि रक्तदाबाची एक साधी, स्वस्त गोळी, प्राझोसिन, ती वापरून पाहिली. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभरातली तीसेक माणसं जायची, ती एक-दोनवर आली. त्याला ना विद्यापीठ, ना प्रयोगशाळा, ना ७५ गुण.

भाची : सगळं बरोबर. आता पुढचं मी सांगते, ते तुम्ही नेहमी गाळता. त्यांनी ते लिहिलं. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये लक्षणांवर लिहिलं, १९८६ साली प्राझोसिनवर. महाडच्या एका डॉक्टरला गोळीचा गुण येतो ही गोष्ट महाडमध्येच राहिली असती तर सोलापूरच्या पोराला काय उपयोग होता? तुम्ही ज्याला नुसता पेपर म्हणता, त्याच पेपरनं ती गोळी दुसऱ्या दवाखान्यात नेली.

मामा : मी पेपरला वाईट कुठे म्हणतो?

भाची : म्हणता. सकाळपासून तेच म्हणताय. आणखी ऐका, यातली भारी गोष्ट २०११ ची आहे. विंचूदंशावरची प्रतिविष लस हाफकिननं तयार केली होती. तिचा प्राझोसिनबरोबर किती फायदा होतो हे बावसकरांनी महाडच्याच आपल्या दवाखान्यात तपासलं आणि ‘बीएमजे’त छापलं. ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन गट, ३५-३५. एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि लस. दहा तासांत पूर्ण बरे झाले, लसवाल्या गटात ३२ आणि नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८. ज्या गोळीनं नाव झालं, पद्मश्रीपर्यंत पोचवलं, ती एकटी कमी पडते हे त्यांनी स्वतःच आकड्यांनी दाखवलं. याला मी संशोधन म्हणते. रात्रभर खाटेशेजारी बसणं ही भक्ती झाली; चिठ्ठ्या टाकणं हे शास्त्र.

मामा : दोन्ही लागतं.

भाची : दोन्ही लागतं, मान्य. आणि बायकोचं, डॉ. प्रमोदिनींचं नाव निबंधांवर बरोबर असतं, तेही मान्य. आमच्या हिशेबात नवराबायकोला ५.६ आणि ५.६.

बावसकरांचं उदाहरण दोघांनी आपापल्या बाजूला ओढलं आणि ते दोन्ही बाजूंना टिकलं. मात्र मामांचं एक म्हणणं भाचीनं खोडलं नाही, तिला खोडता आलं नाही असं मला वाटतं. बावसकरांचा प्रश्न दवाखान्याच्या दारातून आत आला होता, जर्नल काय छापतं हे बघून निवडलेला नव्हता. डॉ. अभय आणि राणी बंग यांचं गडचिरोलीचं कामही याच जातीचं. भाचीनं तेही सांगितलं, अर्थात आपल्या बाजूनं: ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी, तुलनेला ४७ गावं तशीच ठेवलेली, आणि नवजात बाळांच्या मृत्यूत ६२ टक्के घट, १९९९ च्या ‘लॅन्सेट’मधले हे आकडे नसते तर दिल्लीनं ही गोष्ट आशा कार्यकर्तींच्या कामात कधीच घातली नसती. खरं आहे. पण ते आकडे गोळा करायला तिथेच राहावं लागलं, वर्षानुवर्षं, आणि ज्या बाया बाळांची वजनं घेत होत्या त्यांच्यावाचून एकही आकडा तयार झाला नसता.

एकत्र काम करणं मराठी माणसाला जमत नाही असं कोणी म्हटलं की मला पुण्याची भांडारकर संस्था आठवते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ला सुरू झाली आणि १९६६ ला पुरी झाली. देशभरातल्या बाराशेहून अधिक हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहणारी माणसं तिथे पिढ्यांनी बसली. मुख्य संपादक विष्णु सीताराम सुखटणकर १९४३ ला गेले, काम अर्धंही झालेलं नव्हतं, आणि ते थांबलं नाही. त्यांतल्या बहुतेकांना आजच्या अर्जात काय भरता आलं असतं, याची कल्पना करून बघावी.

मामा : मग आता करणार काय? का हा अर्ज भरलास की दरड संपली?

भाची : तुमच्याकडे पावसाच्या नोंदी आहेत ना, जुन्या?

मामा : माझ्या वहीत आहेत. तहसीलचं रजिस्टर वेगळं. सकाळी साडेआठला मापकातलं पाणी मोजायचं, ते आदल्या चोवीस तासांचं.

भाची : तिथेच घोळ आहे. चोवीस तासांत ३०० मिलिमीटर पडला, एवढंच कळतं. दिवसभर सारखा पडला की तीन तासांत ओतला, ते कळत नाही. तळियेची दरड दुपारनंतर आली, आणि तुमचा आकडा येणार दुसऱ्या दिवशी साडेआठला.

मामा : आता मंडळाच्या ठिकाणी यंत्रं बसवली आहेत, आपोआप मोजणारी.

भाची : मंडळाच्या ठिकाणी. खाली, रस्त्याला लागून. वाडी डोंगराच्या अंगावर. खाली भुरभुर असते तेव्हा वर कोसळत असतो, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? प्रश्न एवढाच आहे: अमुक वाडीवर तासाला किती पाऊस झाला, त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत किती मुरला होता, की माणसांना खाली हलवायचं. हा आकडा कोणाकडे नाही. तो एका पावसाळ्यात मिळत नाही, एकटीला तर नाहीच. माती किती पाण्याला सुटते ते लोणेऱ्यासारख्या ठिकाणचा सिव्हिलवाला सांगेल. जांभ्याखाली काय आहे ते भूगर्भवाला बघेल. झऱ्याचं पाणी कधी लाल झालं ते वाडीतली बाई तारीख-वेळेसकट सांगेल. तुमची चीर आणि चौकटसुद्धा मग माझ्या थरात येतील.

मामा : आणि पेपर?

भाची : पहिल्या वर्षी नाही. कदाचित दुसऱ्याही नाही. तोवर ही जागा भरून जाईल.

मामा : मग अर्ज भर. नोकरीवर पाय देऊन डोंगर बघायला मी सांगत नाही.

भाची : भरतेच आहे. दोन्ही करणार. मार्चात रंगीत नकाशे, जुलैत तुमच्या वाड्या. नकाशाचे गुण मिळतात, त्यावर जुलै चालवायचा.

हा तोडगा मामांना फारसा पटला नाही. मलाही तो पुरता पटलेला नाही. नकाशांची सवय लागली की जुलै मागे पडतो, असं होताना मी पाहिलं आहे. पण ज्याला पगारावर घर चालवायचं नाही त्यानं तिला नाकं मुरडू नयेत. नियम बदलायचा असेल तर वाटणी बदलावी. पाच जणांच्या कामात कोणी काय केलं ते एका ओळीत लिहून घ्यावं आणि त्याप्रमाणे गुण द्यावेत, नोंदी उघड्या करून ठेवणाऱ्याला त्याचे वेगळे गुण द्यावेत. हे अवघड नाही. बऱ्याच चांगल्या जर्नल्समध्ये कोणी काय केलं हे छापण्याची पद्धत आहेच. ते वाचायची तसदी अर्जांची छाननी करणाऱ्यांनी घ्यायला हवी.

मामा : झऱ्याचं पाणी बघणाऱ्या त्या बाईचं नाव कुठे येणार?

भाची : शेवटी. ऋणनिर्देशात.

मामा : ऋणनिर्देशाला किती गुण?

भाची : शून्य.

मामा : मग आमचा पंचनामा बरा. पंचांच्या सह्या तरी असायच्या त्यावर, नावगाव, वय, धंदा लिहून.

भाची : कोऱ्या कागदावर घ्यायचे त्या सह्या. तेही सांगा.

मामा : घ्यायचे काही जण. तुमच्यात नावं आधी ठरतात आणि काम मागून, ते काय वेगळं?

भाची : नावं आधी ठरवावीच लागतात, मामा. नाहीतर पाच वर्षांनी भांडणं होतात. म्हणून आत्ताच बोला, पहिलं नाव कोणाचं?

मामा : आधी मला हे सांग, गौरी-गणपतीत वाडीवर जाऊन मापक कोण वाचणार?